कोंसूबायची सरकारी झाडं

कोंसूबायच्या ओट्यावर रिकाम्या हातांनी बसलेला माणूस मला कधी दिसला नाही. आलेला पाहुणा टेकतो न टेकतो तोच ती त्याच्या हातात काहीतरी देई. वालाच्या शेंगा सोलायला, मेथीच्या जुड्या बांधायला, अगदीच काही नसलं तर केळीच्या खोडाचा सुकलेला सोप चिरून त्याच्या दोऱ्या करायला. एकदा चर्चचे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांच्याकडून तिने आधी सूपभर वाल सोलून घेतले आणि मगच गुडघे टेकले. हे मी ऐकीव सांगत नाही, कारण दुसरं सूप माझ्या मांडीवर होतं.

मी शेती खात्यातला कृषी सहायक, म्हणजे खात्याच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. मूळचा माणदेशातला. आमच्याकडे विहिरीत पाणी आहे का हे कळायला लोक आधी दगड टाकून आवाज ऐकतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली वसईला झाली आणि सांडोर गावच्या बागायती वाड्यांमधून पहिल्यांदा सायकल हाणत गेलो तेव्हा मी खुळाच झालो. दोन्ही बाजूंना केळी, केळीखाली अळू, अळूच्या कडेने मिरची, बांधावर नारळ, आणि नारळाच्या अंगावर चढलेल्या पानवेली. वीतभर जमीन मोकळी नाही. अशा गावाला शेती शिकवायला सरकारने मला धाडलं होतं आणि माझं वय होतं चोवीस.

त्यात मला जे शिकवायचं होतं, ते मलाच धड ठाऊक नव्हतं. खायचं तेल परदेशातून आणावं लागतं म्हणून देशात तेलताडाची लागवड वाढवायची, असं वरती ठरलं होतं. रोपं जवळजवळ फुकट, पहिली काही वर्षं खत सरकारचं, ठिबकच्या नळ्यांना अनुदान. पाणी मुबलक असेल तिथे लावा, असा आदेश होता. कोणीतरी नकाशा पाहिला असावा आणि त्यात वसई हिरवीगार दिसली असावी. आमच्या कार्यालयाला उद्दिष्ट आलं. उद्दिष्ट वरून येतं आणि त्याला प्रश्न विचारायचे नसतात, हे मी तोवर शिकलो होतो.

चर्चशेजारच्या हॉलमध्ये मी सभा घेतली. वीसेक माणसं जमली होती. मी पत्रक काढून वाचायला लागलो. ‘दोन झाडांमध्ये नऊ मीटर अंतर ठेवावे’ या ओळीला पहिली खसखस पिकली. ‘पहिली तीन वर्षे आलेली फुले काढून टाकावीत’ या ओळीला लोक मोकळेपणी हसले. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, नऊ मीटरात आमी मांडव घालून लगीन लावू. ताड कसले लावता?" तेव्हापासून मी त्या गावाचा मास्तर झालो तो कायमचा.

हसणं ओसरल्यावर बायकांच्या बाकांवरून एक बाई उठली. लाल चौकड्यांचं लुगडं, दोऱ्याने बांधलेला चष्मा, पन्नाशी उलटलेली. हातात मी वाटलेलं पत्रक.

"मास्तर, पाटी मिळंल?"

"कसली पाटी?"

"सरकारची. हितं लिवलंय." तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी तेवढं वाचलंच नव्हतं. ‘प्रायोगिक क्षेत्रावर शासनातर्फे फलक लावण्यात येईल.’

"मिळेल की."

"लाकडाची का पत्र्याची?"

"पत्र्याची असावी."

"मग माझं नाव लिवा. कोंसूबाय. अर्धा एकर."

हॉलमध्ये पुन्हा हशा झाला. पाटीवर नाव झळकायची बाईला हौस दिसते, असं मलाही वाटलं. मी घाईघाईने नाव लिहून घेतलं, कारण मला उद्दिष्ट होतं आणि दुसरं कोणी हात वर करत नव्हतं.

बाहेर पडताना तिचा दीर इनास सायकलीपाशी उभा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घायकुतीला आलेला होता. त्याने मला सगळी कथा उभ्या उभ्या सांगितली. कोंसूबायचा नवरा पेद्रू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. विहिरीकडची अर्ध्या एकराची वाडी तिच्या नावावर होती आणि तिच्या मागची इनासच्या. स्टेशनकडे इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या वाढत वाढत गावाच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. एक एजंट दोन्ही वाड्या मिळून मागत होता, कारण रस्ता कोंसूबायच्या वाडीला लागून होता आणि दोन्ही मिळून चांगला चौकोन होत होता. इनास विकायला तयार होता. कोंसूबाय नव्हती.

"ती म्हनते पेद्रूची विहीर हाय," इनास म्हणाला. "विहीर काय, मेल्यावर बरोबर नेनार? आता तुमी आनखी ताड द्या तिला."

मला मात्र त्या बाईबद्दल आदर वाटला. वाडी विकायची नाही, म्हणून जमिनीतून चांगलं उत्पन्न काढून दिराचं तोंड बंद करायचं, असा तिचा हिशेब असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं. आणि त्या आदराच्या भरात मी तिला एक शब्द देऊन बसलो. रोपं उतरवायला गेलो त्या दिवशी तिने विचारलं, "फळ लागल्यावर घेनार कोन?" मी छाती काढून सांगितलं, "मावशी, तोवर इथे जवळच कारखाना येतोय. माझा शब्द." कारखान्याचं मला साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांना त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं.

घरात ही माणसं त्यांची बोली बोलत, ती मला पहिलं वर्षभर ओ की ठो कळली नाही. माझ्याशी बोलताना कोंसूबाय चौथीत शिकलेली मराठी काढायची, सणाला पेटीतलं लुगडं काढावं तशी. ते पत्रक तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि दोन्ही सारख्याच भक्तीने पाठ केली होती. मी काही सांगायला लागलो की ती डोळे बारीक करून विचारी, "हे लिवलंय, का तुमी सांगता?" ‘मी सांगतो’ असं म्हटलं की ती ते सोडून देई. लिहिलेलं असलं की मात्र त्यात मीटरभरही सूट नसे. अठ्ठावीस खड्डे तिने रहाटाच्या जुन्या दोरीने मोजून घेतले. दोरीला नऊ मीटरवर गाठ मारली होती, आणि एक खड्डा हातभर इकडे झाला म्हणून मजुराकडून बुजवून पुन्हा खणून घेतला. रोपांच्या मधल्या जागेत मात्र तिने भाजी, अळू आणि वेलची केळी ठेवून दिली. "पहिली तीन वर्षं आंतरपीक चालेल, लिवलंय," ती म्हणाली.

पाटी आली तेव्हा मात्र तिने मला घाम फोडला. हिरवा पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं: ‘शासकीय तेलताड विकास योजना. प्रायोगिक क्षेत्र. झाडांस इजा करू नये.’ मी ती झाडांच्या मधोमध, विहिरीजवळ रोवायला निघालो.

"तिथं नाय. रस्त्यावर."

"मावशी, लागवड तर इथे आहे."

"झाडांना वाचता येतं? रस्त्यावर लावा. तोंड फाटकाकडं."

आम्ही ती रस्त्याच्या कडेला, फाटकाच्या बाजूला रोवली. तिने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, मग रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, मग इनासच्या वाडीच्या कोपऱ्यावरून पाहिलं. सगळीकडून वाचता येते अशी खात्री झाल्यावर तिने मला केळ्यांची फणी दिली. तिच्याकडून कोणी रिकाम्या हाताने परतही जात नसे.

तिसऱ्या वर्षाच्या आधी ताडांना फुलं यायला लागली आणि गावाला करमणूक झाली. दर महिन्याला कोंसूबाय कोयता घेऊन फुलं काढत वाडीभर फिरे. काटे ओरबाडत, हातांवर रेघोट्या उठत. वसईतला माळी फूल तोडताना बघणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "गे कोंसू, येड लागलं का तुला? आलेली फुलं टाकतेस?"

"पोरगी शाळेत हाय तोवर लगीन लावतेस का तुझ्या पोरीचं?" कोंसूबाय मागे न बघता विचारी. मग मला हळूच म्हणे, "लिवलंय ना नक्की?"

पुढच्या वर्षी त्याहून मोठी मजा झाली. तेलताडाला चांगलं फळ धरायचं तर एक विशिष्ट बारीक भुंगा लागतो, तो फुलांवर फिरतो आणि परागीकरण करतो. ते भुंगे खात्याने दुरून मागवले होते. मी ते जाळी लावलेल्या डब्यात घेऊन सायकलवरून सांडोरला गेलो. तोवर वाड्यांमध्ये मला लोक कीड मारायचं औषध देणारा म्हणून ओळखत होते.

"सरकार आता किडे पन वाटतं?" कोंसूबायने डब्याला कान लावला. आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती. ती इतकी हसली की चष्मा नाकावरून सुटून दोऱ्याला लोंबकळला. मग तिने रीतसर सही करायला कागद मागितला. मी लिहिलं, ‘भुंगे मिळाले.’

"किती ते लिवा."

"मावशी, ते मोजायचे कसे?"

"मग अंदाजे लिवा. सरकारी कागद हाय, मोकळा सोडू नये."

मी ‘भुंगे, अंदाजे पुष्कळ’ असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. ती प्रत तिने घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. माझ्या नोकरीतला तो सर्वांत प्रामाणिक कागद असावा.

आणि मग फळं लागली. काटेरी देठांच्या बेचक्यात काळपट लाल घड. खाली चार-पाच फळं आपोआप गळून पडली की घड पिकला, असं पत्रकात होतं. त्याच पत्रकात अशीही ओळ होती की घड तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रक्रियेसाठी पोहोचला पाहिजे. इथे माझी पाचावर धारण बसली, कारण कारखान्याचा पत्ता नव्हता. कंपनी म्हणत होती, लागवड कमी आहे, कारखाना परवडत नाही. शेतकरी म्हणत होते, कारखाना नाही, लागवड कशी करू? दोघांचंही बरोबर होतं. मी त्या आठवड्यात सांडोरचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागलो.

पण कोंसूबायला मला शोधायची गरजच नव्हती. एका सकाळी मी कार्यालयात शिरलो तर ती बाकावर बसलेली. शेजारी टोपली, टोपलीत केळीच्या पानावर एक घड.

"पहाटं तोडलाय," ती म्हणाली. "चोवीस तासांच्या आत आनून दिला. पोच द्या."

मी ओशाळून सांगितलं की इथे कारखाना नाही, हे कार्यालय आहे. तिने पत्रक उघडलं. ‘अधिक माहितीसाठी व विक्रीव्यवस्थेसाठी तालुका कार्यालयाशी संपर्क साधावा.’ मी ती ओळ दोनदा वाचली. मग मुकाट्याने लिहिलं, ‘तेलताडाचा घड एक, सुस्थितीत मिळाला,’ आणि शिक्का उठवला. तिने शिक्का नीट उमटला की नाही ते उजेडात धरून पाहिलं.

त्यानंतर दर पंधरवड्याला ती येऊ लागली. आमच्या कार्यालयात वेळेवर येणारी ती एकटीच. ती आली की बाकावर बसे आणि शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना शेंगा वाटून देई. ते फायली बाजूला ठेवून सोलत बसत. घड मात्र साठत चालले. कपाटामागे ठेवले तर मुंग्या, खिडकीखाली ठेवले तर वास. एकदा तालुक्याचे मोठे साहेब नाक धरून बाहेर आले आणि गरजले, "हे काय चाललंय?"

कोंसूबाय उठून उभी राहिली. तिने पिशवीतून डबा काढला. घरी तिने चार फळं उकडून, उखळात कुटून, पिळून तेल काढलं होतं आणि त्यात तांदळाचे वडे तळले होते. केशरी रंगाचे वडे. साहेबांनी एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला. तिसरा खाताना त्यांच्या मिशाही केशरी झाल्या होत्या आणि त्यांना ओरडणं शोभेना. "पोच द्या त्यांना," एवढंच म्हणून ते आत गेले.

मला हसू येई आणि रडूही येई. मला वाटे, ही बाई माझ्या एका शब्दावर विसंबून वाडीतली चांगली केळी काढून ताड पोसते आहे, पावसात-उन्हात टोपली वाहते आहे, आणि मी तिला काय देतो, तर शिक्का. दिराला दाखवायला उत्पन्न नाही म्हणजे आज ना उद्या तिला वाडी विकावी लागणार, आणि त्याला कारण मी. हा सल मला दोन-तीन वर्षं होता.

एकदा ती बाकावर बसलेली असतानाच इनास एजंटला घेऊन कार्यालयात आला. एजंट नीटनेटका माणूस, बगलेत कातडी पाकीट. त्याने माझ्यासमोर नकाशा पसरला. "साहेब, ही जागा बघा. इथे पाटी दिसते. सरकारचा काय संबंध आहे?"

मी उगाच अधिकाऱ्याचा आव आणला. "ते क्षेत्र योजनेखाली आहे."

"म्हणजे सरकारने घेतलीय?"

"जागा मालकाचीच. पण झाडं योजनेतली आहेत. त्यांना हात लावण्याआधी खात्याला लेखी कळवावं लागेल."

"किती दिवस चालते ही योजना?"

"तेलताड पंचवीस-तीस वर्षं फळ देतो," मी पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

एजंटने इनासकडे पाहिलं. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या कोंसूबायकडे गेली. हेडक्लार्क तिच्या कागदावर शिक्का मारत होता आणि तिच्या मांडीवर तसल्याच शिक्क्यांच्या पोचांची जाडजूड गड्डी होती. त्याने नकाशाची घडी घातली. "सरकारी लफडं आहे," असं इनासला बाहेर म्हणाल्याचं मला खिडकीतून ऐकू आलं. कोंसूबायने मान वर केली नाही. माझ्या टेबलावर शेंगांची आणखी एक ओंजळ ठेवली, एवढंच.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्यासारख्या पदवीधराला त्यासाठी आणखी एक पत्र यावं लागलं.

ते पत्र वरून आलं. तालुक्यातील प्रायोगिक लागवड बंद करण्यात येत आहे, शेतकऱ्यांना तसे कळवावे, व क्षेत्रावरील शासकीय साहित्य, उदाहरणार्थ फवारणी पंप आणि फलक, काढून भांडारात जमा करावे. मी पाना आणि कुदळ सायकलला बांधली. सांडोरपर्यंत माफी मागायची वाक्यं जुळवत गेलो. फाटकापाशी पाटीकडे बघवलं नाही. सरळ ओट्यावर गेलो आणि ती काही हातात द्यायच्या आत बोलून टाकलं.

"मावशी, कारखाना येत नाही. योजना बंद झाली. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो खोटा पडला. तुमची वाडी आता माझ्यामुळे..." खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

कोंसूबायने माझ्यासमोर सूप सरकवलं. "सोला," ती म्हणाली. मी सोलू लागलो.

"मास्तर, तेल कोनाला हवं होतं? माझ्या वड्यांना बाजारचं तेल मिळतं."

मी पुढची शेंग उचलली.

"पेद्रू गेल्यापासून दर महिन्याला कोन ना कोन येऊन फाटकात उभा राहायचा. आज एजंट, उद्या त्याचा भाऊ, परवा इनास. मी नाय म्हनायचे. बाईचं नाय कोन ऐकतं? परत यायचे. तुमची पाटी लागली त्या दिवसापासून फाटकात कोन उभा राहिला नाय. लांबून वाचतात नि जातात." ती थांबली. "पहिल्या दिवशी मी काय मागितलं होतं तुमच्याकडं? झाड मागितलं?"

तिने पाटी मागितली होती. पत्र्याची. पोचांची गड्डी, भुंग्यांचा कागद, रस्त्याकडे वळवलेलं पाटीचं तोंड, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेलं. सरकारने तिला तेलताडाची योजना दिली होती आणि तिने योजनेलाच वाडीचा राखणदार केलं होतं. मी सगळी वर्षं जिच्यावर दया करत होतो, तिने मला पद्धतशीर कामाला लावलं होतं. मला रागवावंसं वाटलं, पण हसूच फुटलं. तीही हसली. मग तिची नजर माझ्या सायकलीवरच्या कुदळीवर गेली आणि तिचं हसू मावळलं.

"ती पाटी न्यायला आलात?"

पत्र माझ्या खिशात होतं. मी काढून दिलं. तिने ते चष्मा सावरत सबंध वाचलं, ‘फलक’ या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"लिवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मग न्यायला पायजे."

इतक्या वर्षांत तिने लिहिलेल्यापुढे कधी वाद घातला नव्हता, आणि आताही घातला नाही. उठून बांधावर जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तिचे खांदे कधी पडलेले मी पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले. मी शेवटची शेंग सोलली, सूप बाजूला ठेवलं, सायकल काढली आणि पाटीला हात न लावता कार्यालयात परत आलो.

तिथे बसून मी अहवाल लिहिला. ‘सदर क्षेत्रावरील फलक खाऱ्या हवेमुळे पूर्ण गंजून नष्ट झाला असून जमा करण्याजोगा राहिलेला नाही. सबब निर्लेखित करून नोंदीतून वगळावा, ही विनंती.’ सरकारी कागदावर जाणूनबुजून लिहिलेलं माझं ते पहिलं खोटं. मोठ्या साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि सही केली. त्यांना वडे आठवले असावेत.

त्या अहवालाची एक प्रत मी कोंसूबायला नेऊन दिली. तिने वाचली, पुन्हा वाचली आणि पहिल्यांदाच मला काही सोलायला न देता चहा दिला.

पुढे माझी बदली जव्हारकडे झाली, मग आणखी कुठे कुठे. वसईला पुन्हा गेलो तो सात-आठ वर्षांनी, एका लग्नाला. स्टेशनपासून ओळखीचं काही लागेना. सांडोरच्या अलीकडे इमारती लागल्या, तेव्हा मी भराभर पाय उचलले. इनासच्या वाडीवर चार मजले उभे होते, मागून चिंचोळी वाट काढून, आणि जागा अपुरी पडल्यामुळे थोडे तिरपे. आणि त्यांच्या पुढे, रस्त्यालगत, विहीर, केळी, अळू, आणि त्यांच्यावर डोकं काढून अठ्ठावीस तेलताड. झावळ्यांवर सुगरणींचे खोपे लोंबत होते. विहिरीच्या कट्ट्यावर इनास बसला होता, वाऱ्याला. आपल्या फ्लॅटमध्ये उकडतं म्हणून रोज संध्याकाळी इथे येतो म्हणाला. त्याच्या मांडीवर सूप होतं.

कोंसूबाय फाटकाशी पाठमोरी उभी होती. वाकली होती, केस पांढरे झाले होते. एका हातात करवंटी, करवंटीत लाल तेल. दुसऱ्या हातात केळीच्या सोपाचा बोळा. ती पाटी पुसत होती. एकेका अक्षरावरून बोळा फिरवत होती, खिळ्यांभोवती बोटाने तेल भरत होती. हिरवा रंग फिका पडला होता, पण इतक्या वर्षांच्या खाऱ्या हवेत त्या पत्र्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

माझी चाहूल लागली तसा तिने चष्मा कपाळावर नेला.

"मास्तर! या." तिने पाटीवर टिचकी मारली. "तुमी लिवलंत गंजली. मी म्हटलं, मास्तरांनी आपल्यासाठी एक खोटं लिवलंय, ते खरं होऊ द्यायचं नाय. म्हनून दर महिन्याला तेल लावते. आपल्याच झाडांचं."

मी नुसता उभा राहिलो. तिने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बोळा माझ्या हातात दिला.

"रिकामे काय उभे राहता? वरच्या कडेला माझा हात पुरत नाय."

मी बाह्या सारल्या आणि वरची कड पुसायला लागलो.